पाळीवर न बोलायचा शब्द

एका तलावाच्या काठी एकदा एक वृद्ध गुरू मठी बांधून राहत होते. सगळे त्यांना बाबाजी म्हणत. आपणही तेच म्हणू. मुलूख पूर्वेकडचा, धानाचा. डोंगरातून उतरणारे पाणी मातीची लांबलचक पाळ घालून अडवायचे आणि त्यावर धान पिकवायचे, ही तिथली पिढ्यान्‌पिढ्यांची रीत. पाळ म्हणजे बांधच. पण बांध म्हटले की नुसती माती डोळ्यांपुढे येते, आणि पाळ म्हटले की तिथल्या माणसाचे हात आपोआप जोडले जातात. पाळीच्या मध्यावर शेंदूर लावलेला एक दगड होता. ती पाळीवरची आई.

पाळीच्या एका टोकाला, उंचवट्यावर, गाव होते. तिथे धानाचे व्यापारी शेठजी, मोठे शेतकरी आणि बाबाजींची मठी. पाळीच्या खाली, अगदी पायथ्याशी, मासे धरणाऱ्या आणि रोवणीला, म्हणजे धानाच्या लावणीला, जाणाऱ्या लोकांची वस्ती होती. तलाव भरला की वस्तीतल्या घरांच्या आढ्यांपेक्षा पाणी उंच असे. गावातून पाळ दिसायची, वस्तीतून फक्त मातीची भिंत आणि वर आभाळ दिसायचे. एवढे ध्यानात ठेवा, म्हणजे पुढचे सांगायला मला फार शब्द लागणार नाहीत.

आता आपण मराठी माणसे तशी जिभेला जपणारीच. बांगडी पिचली तर ती ‘वाढली’ म्हणतो. देवापुढे नारळ ‘वाढवतो’. घरातून निघताना ‘जातो’ म्हणणाऱ्याला आई दारातून परत बोलावते आणि ‘येतो’ म्हणायला लावते. वास्तुपुरुष घरभर तथास्तु म्हणत फिरत असतो, तेव्हा वाईट बोलू नये, हे आपल्याला शाळेच्या आधी शिकवलेले असते. यात गैर काही नाही. मला तर ही रीत मनापासून आवडते. पण त्या गावाने ती ताणत ताणत कुठवर नेली, ते ऐका.

पाळीवर ‘फुटणे’ हा शब्दच उच्चारायचा नाही. पाळीबद्दल तर नाहीच, कशाबद्दलही नाही. डोक्यावरून मडके पडून त्याच्या खापऱ्या झाल्या तरी ‘मडके गेले’ म्हणायचे. पोराचे कपाळ फुटले तर ‘लागले’. पहाटेचे तांबडेसुद्धा तिथे फुटत नसे, ‘येत’ असे. पाळ ऐकते, म्हणत. एखादी नवी सून चुकून बोलून गेली तर तिला आईपुढे नाक घासायला लावत. आणि पाळीतून पाणी पाझरू लागले, तर त्याला एकच बोल होता, ‘आई रडते’. तळहाताएवढी ओल दिसली, आई रडते. मनगटाएवढी धार लागली, तरी आई रडते. हसू नका. छातीत कळ येते तेव्हा ‘पित्त झाले असेल’ म्हणून कूस बदलणारी माणसे आपल्याही घरात आहेत.

बाबाजींचा एक शिष्य होता. बुद्धी तल्लख, पाठांतर चोख, बोलणे शुद्ध. थोडा गर्व होता, पण त्या वयात तो शोभूनही जातो. आईबाप लहानपणीच गेलेले. थोरली बहीण भागीरथा, तिनेच त्याला अंगाखांद्यावर वाढवले. ती खालच्या वस्तीत दिलेली होती आणि त्या वर्षी पहिलटकरीण म्हणून बाळंत झाली होती. तिच्या ओढीनेच तो या मठीत शिकायला आला. या जगात त्याचे म्हणावे असे ती आणि तिचे तान्हे, एवढेच होते.

त्या वर्षी तलाव भरला, जादा पाणी सांडव्यावरून वाहू लागले, आणि नेमाप्रमाणे पाळीची पूजा झाली. गाव पाळीवर जमले, वस्ती पाळीखाली उभी राहिली. शेठजींनी नारळ बाबाजींच्या हाती दिला आणि म्हणाले, “बाबाजी, वाढवा.”

बाबाजींनी नारळ दोन्ही हातांनी उचलला. मग खालच्या वस्तीलाही ऐकू जाईल अशा खणखणीत आवाजात ते म्हणाले, “आई, हा नारळ मी फोडतो.” आणि फोडला.

एका बाईने कडेवरच्या मुलाचे कान झाकले. शेठजी माणूस वाईट नव्हे. त्यांनी बाबाजींना वाट काढून दिली. म्हणाले, वय झाले आहे, जीभ घसरली असेल, आईला क्षमा मागू या. बाबाजी म्हणाले, जीभ घसरलेली नाही. आणि उद्यापासून माझा शिष्य रोज संध्याकाळी या दगडाजवळ उभा राहून हा शब्द मोठ्याने म्हणणार आहे.

शिष्याचा चेहरा पडला. मठीत परतल्यावर त्याने विचारले, की यातून साधायचे काय? लोकांचे मन दुखवून कोणता धर्म होतो? बाबाजींनी एवढेच सांगितले की विहिरीवरचा दोर वापरला नाही तर कुजतो, आणि मग विहिरीत कोणी पडले त्या दिवशी तो कामाचा राहत नाही. दुसऱ्या दिवशी ते त्याला पाळीच्या उताराने खाली घेऊन गेले. एका जागी गवतातून बारीक पाझर होता. त्यात बोट बुडवून ते म्हणाले, “हे बघ. पाणी निवळ आहे तोवर पाळीला घाम आलाय. गढूळ येऊ लागले, की पाळच पाण्याबरोबर निघाली म्हणून समज.” शिष्याला वाटले, हे काय मोठे ज्ञान. त्याने मान डोलावली.

गावाने राग काढायचा तो काढलाच. मठीत येणारे दूध बंद झाले. शिष्य रस्त्याने निघाला की पारावरची मंडळी त्याला ऐकू जाईल असे म्हणत, ‘शुभ बोल रे नाऱ्या, तर म्हणे मांडवाला आग लागली.’ ते त्याने सोसले असते. पण त्या पहिल्याच दिवशी, संध्याकाळ व्हायच्या आधी, तो बहिणीकडे गेला, तेव्हा ती बाळाला पाजत बसली होती. तिने त्याला पाणी दिले, गूळ दिला, आणि मग खालच्या आवाजात म्हणाली, “भाऊ, माह्या लेकराच्या डोक्यावर तलाव आहे. तिथं उभा राहून तू असं काहून बोलणार आहे?”

त्या संध्याकाळपासून तो पाळीवर जाई, दगडाजवळ उभा राही, वस्तीकडे तोंड करी आणि नुसते ओठ हलवी. आवाज काढत नसे. मठीत येऊन सांगे, म्हटला. गुरूंशी खोटे बोलतो आहोत याची त्याला टोचणी होती, पण बहिणीचे डोळे आठवले की ती बोथट होई. बाबाजी काही विचारत नसत.

मग भाद्रपदात पावसाने मुक्कामच ठोकला. रोवणी आटोपलेली, कोणाला बाहेर काम नाही, घराघरातून धूर कोंडलेला. बाबाजींना हिवताप भरला. अंगावर दोन घोंगड्या घालूनही त्यांचे दात वाजत आणि आवाज तर पार बसला होता.

पाळीचा राखणदार होता दयाराम. त्याच्या बापापासून पाळीची राखण त्यांच्या घरी. खेकड्यांची बिळे बुजवायची, झाडोरा काढायचा, सांडव्यातला केरकचरा ओढायचा, हे त्याचे काम, आणि ते तो मनापासून करी. त्या दिवशी दुपारी तो भिजत शेठजींच्या पडवीत आला. चार माणसे जेवून सुपारी कातरत बसली होती. दयाराम म्हणाला, आई रडून राहिली जी. शेठजी म्हणाले, दरसाल रडते, आईच ती. पाऊस उघडू दे, तिची ओटी भरू. दयाराम दाराशी घुटमळला. म्हणाला, “लय रडून राहिली जी.” त्याला ओटीसाठी खण आणि नारळ देण्यात आला. तो ते घेऊन निघाला.

तिथून तो मठीत आला. बाबाजींनी घोंगडीतून मान वर केली आणि श्वासाएवढ्या आवाजात विचारले, पाणी निवळ आहे की गढूळ? दयारामने खाली पाहिले. पायाच्या अंगठ्याने जमीन उकरत राहिला आणि पुन्हा तेच म्हणाला, आई रडून राहिली. बाबाजींनी शिष्याचे मनगट धरले. अंगात ताप असूनही पकड घट्ट होती. त्यांनी दाराकडे मान केली.

शिष्य धावत पाळीवर गेला, मागे दयाराम. मध्यापासून जरा पुढे, खालच्या उतारावर, पाणी येत होते. ते आंबिलीसारखे दाट आणि तांबडे होते. दयारामने तिथे पेंढा आणि माती कोंबलेली दिसत होती. ती एकेक ढेकूळ होऊन निघून चालली होती. शिष्याच्या पाहण्यात पाळीचा हातभर तुकडा खचला आणि पाण्यात गेला. बाबाजींनी बोट बुडवून सांगितलेले त्याला शब्दन्‌शब्द आठवले.

खाली वस्तीत चुली पेटलेल्या होत्या. भागीरथाच्या घरावर त्यानेच उन्हाळ्यात शाकारलेले नवे छप्पर वेगळे ओळखू येत होते. अंगणाच्या कडेला, पागोळ्यांच्या आत, एक बाई सुपात तांदूळ निवडत होती. खाली उतरण्याची वाट पाळीच्या टोकाला वळसा घालून जात होती. तो पोहोचेपर्यंत पाणी आधी पोहोचले असते. पोहोचेल असा एक आवाजच होता.

त्याने तोंडापाशी हात धरले आणि ओरडला. पण तोंडातून निघाले काय? “आई रडते! आई रडते!”

खालच्या बाईने मान वर केली. पावसातून तिला तो दिसला असावा. तिने कपाळाला हात लावून आईला नमस्कार केला आणि पुन्हा तांदूळ निवडू लागली.

मी ही कथा अनेकदा सांगितली आहे आणि या जागी दर वेळी मला थांबावे लागते. तो शास्त्र शिकलेला माणूस होता. पाणी गढूळ आहे हे त्याने डोळ्यांनी पाहिले होते. बहीण खाली होती. आणि तरीही जिभेवर आला तो गावाचा गुळगुळीत झालेला बोल, कारण रोज संध्याकाळी त्याने ओठ हलवले होते, आवाज काढला नव्हता. हा दोष मी त्याच्या एकट्याच्या माथी मारत नाही. जीभ नेहमीच्या वाटेनेच जाते.

शिष्याने पुन्हा छपराकडे पाहिले. मग तो शब्द आला, त्याच्या आयुष्यात पाळीवर पहिल्यांदाच, आणि आला तो फाटक्या, ओळखू न येणाऱ्या आवाजात.

“पाळ फुटते आहे! पोरे उचला, टेकडीवर पळा! पाळ फुटते आहे!”

बाईच्या हातातले सूप गळून पडले. खाली कोणी विचारले नाही की खरे का, कोणी विचारले नाही की कोण ओरडतो. दारे उघडली. म्हातारी माणसे पाठीवर घेतली गेली. भागीरथा तान्ह्याला पदरात गुंडाळून अनवाणी निघाली, आणि निघताना तिने शेजारच्या आंधळ्या म्हातारीचाही हात धरला. शिष्य पाळीच्या टोकाकडे मागे सरकत ओरडतच राहिला. शेजारी दयाराम उभा होता. त्याचे तोंड उघडे होते आणि त्यातून आवाज फुटत नव्हता. वस्ती पलीकडच्या मुरमाड टेकडीवर चढली. शेवटचा माणूस अर्ध्या चढावर असताना पाळीने पोट सोडले, आणि वर्षभराचे पाणी एका दमात खाली गेले.

घरे गेली. जाळी, धान, भांडी, कोंबड्या, दावणीची एक म्हैस, सगळे गेले. माणूस एकही गेला नाही.

तुम्ही म्हणाल, मग शिष्याला खांद्यावर घेतले असेल. घेतले नाही. पाऊस थांबल्यावर गाव आणि वस्ती खिंडाराजवळ जमली, आणि पहिला शब्द निघाला तो शेठजींच्या तोंडून. तीन पिढ्या पाळ शाबूत होती, ते म्हणाले. आधी यांच्या गुरूंनी आईपुढे तो शब्द काढला, मग याला रोज इथे उभे केले, आज याने गळा काढून म्हटले आणि पाळ गेली. एवढ्यात कोणीतरी म्हणाले की कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडली असेल. त्याला गप्प केले गेले. ज्यांची घरे गेली होती त्यांना कोणावर तरी रागवायचे होते, आणि ते मी समजू शकतो. शिष्याने आईच्या दगडापुढे नाक घासावे आणि गाव सोडावे, असे ठरू लागले. दगड मात्र जागेवर नव्हता. तोही वाहून गेला होता. शिष्य बहिणीकडे पाहत होता. भागीरथा खाली मान घालून बाळाला थोपटत होती, आणि तिच्या गप्प बसण्याने तो जेवढा खचला तेवढा शेठजींच्या बोलण्याने खचला नाही.

मग तिने बाळ सासूच्या हाती दिले आणि ती निघून गेली. परत आली तेव्हा तिच्या खांद्याचा आधार घेऊन बाबाजी चालत होते, अंगावर घोंगडी, पाय लटपटत. माणसे आपोआप बाजूला झाली. बाबाजींचा आवाज अजून बसलेलाच होता, त्यामुळे सगळ्यांना जवळ यावे लागले.

ते म्हणाले, “पाळ ऐकते, असे तुम्ही म्हणता. ऐकत असेलही. पण मग तीन पिढ्या आपण तिला रोज काय म्हणत आलो? ‘आई, तू अभंग राहा.’ सगळे गाव म्हणत आले, हात जोडून म्हणत आले. ते तिने ऐकले नाही, आणि या पोराने दोन घटका हाक मारली ती मात्र ऐकली? पाळीला कान नाहीत, बाबांनो. कान या वस्तीला होते. शब्द त्यांच्यासाठी होता, आणि त्यांनी तो ऐकला, म्हणून ती माणसे आज इथे उभी आहेत.”

मग भागीरथा बोलली. भावाकडे न पाहता, सगळ्यांना उद्देशून. “पयले ‘आई रडते’ आयकू आलं, तवा मी बाळाले पाळण्यात टाकून चुलीकडे गेली होती,” ती म्हणाली. “मंग तो शब्द आयकू आला.” शेठजींनी डोक्यावरचे पागोटे काढून हातात धरले आणि बराच वेळ खिंडाराकडे पाहत राहिले.

इथे कथा संपवता आली असती, आणि पुष्कळ जण इथेच संपवतात. सत्य बोलावे, रोखठोक बोलावे, असे तात्पर्य काढून माणसे घरी जातात आणि बायकोला रोखठोक बोलतात. म्हणून पुढचे सांगणे भाग आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी शिष्य खिंडाराकडे गेला तेव्हा दयाराम तिथे चिखलात बसलेला होता. रात्री घरी गेला नव्हता, अन्नाला शिवला नव्हता. मांडीवर शेठजींनी दिलेला खण आणि नारळ तसाच. शिष्याला पाहून तो आपणहून बोलू लागला. पाणी परवापासूनच गढूळ येत होते, तो म्हणाला. त्याला दिसले होते, कळलेही होते. बापाने मरताना शिकवले होते की गढूळ आले की पाळ राहत नाही. शेठजींकडे तो शब्द सांगायलाच गेला होता. पण तोंड उघडले की आई रडतेच येई.

शिष्याच्या डोक्यात तिडीक गेली. कालचा सगळा अपमान, बहिणीचे मौन, पाळण्यातले बाळ, सगळे एकदम वर आले. तो म्हणाला, “तुम्हाला माहीत होते. पाळ तुमच्या तोंडामुळे फुटली. ऐका नीट, फुटली. फुटली म्हणतात याला. फुटली.” दयारामने दोन्ही हातांनी कान झाकले आणि तो लहान मुलासारखा पुढे-मागे डोलू लागला. शिष्य थांबला नसता. पण मागून एक तापलेला, सुरकुतलेला हात आला आणि त्याच्या तोंडावर पडला.

बाबाजी काठी टेकत आले होते. शिष्याचे तोंड तसेच दाबून ठेवत ते थोडा वेळ उभे राहिले. मग चिखलात दयारामच्या शेजारी बसले आणि त्याच्या गुडघ्यावर हात ठेवून हळूच म्हणाले, “दयाराम, आई गेली रे. रात्रभर बसलास तिच्याजवळ, पुष्कळ झाले. आता घरी चल, दोन घास खा.” हे ऐकले मात्र, आणि कालपासून कोरडा असलेला दयाराम हुंदके देऊन रडू लागला. बाबाजी त्याची पाठ चोळत राहिले. त्याची बायको येऊन त्याला घेऊन जाईपर्यंत ते उठले नाहीत.

परतताना शिष्य घुश्शात होता. त्याने विचारले, की ज्या शब्दासाठी तुम्ही मला महिनाभर पाळीवर उभे केलेत, तोच आज माझ्या तोंडात दाबलात. काल तो खरा आणि आज खोटा झाला काय?

बाबाजी वाटेतल्या दगडावर टेकले. “खरा कालही होता आणि आजही आहे,” ते म्हणाले. “पण पाळ उभी होती तोवर तो शब्द हाक होता. पाळ गेली, आता तोच शब्द धोंडा झाला. हाक मारायची असते, धोंडा मारायचा नसतो. घरातले माणूस मेले तर आपण ‘गेले’ म्हणतो. त्यात फसवणूक कुठे असते? ज्याचे माणूस गेले त्याला सगळे ठाऊकच असते. आपण त्याच्या उघड्या दुःखावर नुसता पदर घालतो. आपल्या वाडवडिलांनी मऊ शब्द दिले ते एवढ्यासाठी दिले. या गावाने काय केले, की झालेल्या दुःखावर घालायचा पदर येऊ घातलेल्या संकटावर घातला. ते झाकले गेले, आणि वाढत राहिले. जे अजून वाचवता येते त्याच्यापाशी कठोर शब्द बोलावा, कितीही जड जावो. जे वाचवता येणार नाही, तिथे मऊ बोलावे.”

शिष्य खाली बसला. म्हणाला, “बाबाजी, मी पाळीवर रोज नुसते ओठ हलवत होतो.”

“मला ठाऊक होते,” बाबाजी म्हणाले. “तू म्हणाला असतास तर वस्तीतून शिव्या ऐकू आल्या असत्या.”

मग ते उठले. शिष्यही उठला, आणि मठीकडे न वळता दयारामच्या घराकडे गेला. तिथे तो काय बोलला हे कोणी सांगत नाही. त्याने दयारामच्या पायाला हात लावला एवढे दयारामच्या बायकोने पाहिले.

उन्हाळ्यात पाळ पुन्हा घातली गेली. मातीची पहिली पाटी शेठजींनी डोक्यावर घेतली. वस्ती टेकडीच्या अंगाला जरा वर सरकली, पण पाण्याजवळ राहणाऱ्यांना पाणी सोडून कुठे जाता येते? राखणीसाठी दुसरा माणूस नेमावा असे काहींचे म्हणणे होते. बाबाजींनी दयारामचाच आग्रह धरला. ते म्हणाले, गढूळ पाण्याला आता त्याच्याइतके भिणारा दुसरा कोणी नाही.

पुढल्या वर्षी तलाव भरला, सांडवा वाहू लागला. साचलेल्या गाळातून सापडलेला आईचा दगड नव्या पाळीवर बसवला होता. गाव वर जमले, वस्ती खाली. शेठजींनी नारळ आणला आणि तो बाबाजींना न देता दयारामच्या हाती ठेवला. दयारामने आईला नमस्कार केला. मग तिच्याकडे पाठ फिरवून वस्तीकडे तोंड केले. सगळे थांबले. शेजारी उभे असलेले शेठजी जमिनीकडे पाहत म्हणाले, “बोल, दयाराम.”

दयारामने डोळे मिटले. “पाळ फुटू लागली,” तो ओरडला, “तर मी असाच हाक मारीन हो!”

मग कडेवर बोलू लागलेले पोर घेऊन उभ्या असलेल्या भागीरथाने तोंड वर केले आणि उत्तर दिले, “आयकलं!” तिच्यामागून सगळी वस्ती म्हणाली, आयकलं.

तेव्हापासून त्या पाळीवर दरसाल असेच होते. आधी राखणदार हाक मारतो, खालून उत्तर येते. शिष्य त्या दिवशी गर्दीत मागे उभा होता. त्याने बाबाजींकडे पाहिले, तर ते डोळे पुसत होते.

मग दयाराम आईकडे वळला आणि त्याने नारळ वाढवला.